लाठी हाती घेण्यापूर्वी

(पोलीस दलात निवड झालेल्या युवक-युवतींच्या सत्कार समारंभात, अंबाजोगाई येथे, एका सेवानिवृत्त सहायक पोलीस उपनिरीक्षकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला भाषणाची सवय नाही. १९८८ साली मी शिपाई म्हणून भरती झालो आणि २०२४ साली निवृत्त झालो. ३६ वर्षांत ऐकून घेण्याचे काम जास्त आणि बोलण्याचे कमी. संस्थेच्या कार्यकर्त्यांनी आग्रह केला की, मुलांना अनुभवाचे चार शब्द सांगा. सत्काराच्या कार्यक्रमात कौतुक करावयाचे असते. ते माझ्या आधीच्या वक्त्यांनी केले आहे आणि तुम्ही त्या कौतुकाला पात्रच आहात. मी मात्र आज तुम्हाला माझी एक चूक सांगणार आहे. ती मी आजवर चारचौघांत कधी सांगितली नाही.

त्याआधी तुमच्याविषयी थोडे बोलतो. तुम्ही इथपर्यंत कसे आलात हे मला ठाऊक आहे. पहाटे चार वाजता डांबरी रस्त्याच्या कडेने पळणारी पोरे आपल्या बीड जिल्ह्यात कोणत्याही तालुक्यात दिसतात. केज घ्या, धारूर घ्या, वडवणी घ्या, पाटोदा घ्या. यांतल्या कितीतरी पोरांचे आई-बाप दसरा-दिवाळी झाली की कोयता घेऊन कारखान्यावर जातात. मुकादमाची उचल फेडता फेडता उन्हाळा येतो. पोरगे आजीजवळ राहते, हाताने भाकरी थापते, आणि पळते. कोरडवाहू दोन एकरांत घर भागत नाही, कारखानदारी नाही, धंद्याला भांडवल नाही. मग उरते काय? भरती. म्हणून तुमच्या अंगावर चढणारी ही वर्दी तुमच्या एकट्याची नाही. आईच्या हाताला पडलेले घट्टे तिच्यात आहेत.

आता भरतीत काय पाहतात ते आठवा. मुलांची उंची १६५ सेंटिमीटर. छाती न फुगवता ७९, फुगवून ५ जास्त. मैदानी चाचणीला ५० गुण, त्यात १६०० मीटर धावणे, १०० मीटर धावणे आणि गोळाफेक. लेखी परीक्षेला १०० गुण, त्यात अंकगणित, बुद्धिमत्ता, सामान्य ज्ञान, मराठी व्याकरण. हे १५० गुण तुम्ही मिळविलेत. पण मला एक सांगा, यातला एक तरी गुण तुमच्या रागाला होता का? कोणी तुम्हाला आईवरून शिवी दिली तर तुम्ही काय करता, दोन रात्री झोप नसताना तुम्ही म्हाताऱ्या माणसाशी कसे बोलता, हे कोणी तपासले का? नाही. ती परीक्षा भरतीत नसते. ती नोकरीत होते आणि पहिल्या आठवड्यात होते. तिचा निकाल कोणत्याही यादीत लागत नाही, पण समोरच्या माणसाच्या तोंडावर तो लिहिलेला असतो.

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय 'तरुण पोलिसांची भावनिक परिपक्वता' असा छापला आहे. शब्द जड आहे. आपल्या आया-बाया त्याला सोपा शब्द वापरतात. 'पोरगं अंगानं वाढलं, पण पोक्त झालं नाही' असे त्या म्हणतात. मी त्या पोक्तपणाविषयीच बोलणार आहे.

आता माझी चूक सांगतो.

साल १९९०. माझे वय २४. जिल्ह्यातल्याच एका पोलीस ठाण्यात मी होतो. ठाण्याचे नाव सांगत नाही, कारण चूक ठाण्याची नव्हती, माझी होती. यात्रेचा बंदोबस्त संपवून आलो होतो. दोन रात्री धड झोप नव्हती, पोटात अन्न नव्हते. रात्रीचे अकरा वाजले असतील. एक म्हातारा शेतकरी ठाण्यात आला. धोतर गुडघ्यापर्यंत, डोक्याला पटका, पायांवर धूळ. त्याचा बैल चोरीला गेला होता आणि तो गावाहून पायी चालत आला होता. टेबलाशी मी एकटाच बसलेला. त्याने माझ्याकडे निरखून पाहिले आणि म्हणाला, "लेकरा, कोण्या गावचा रं तू? कुणाचा?"

मित्रहो, 'कुणाचा' हा प्रश्न आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. पाणवठ्यावर, शाळेत, हॉटेलात, एस.टी.च्या फाट्यावर हा प्रश्न आपल्याला विचारला गेला. उत्तर दिले की पुढे काय होते हेही आपल्याला ठाऊक आहे. पेला वेगळा होतो, बसायची जागा वेगळी होते. माझ्या डोक्यात त्या क्षणी काय झाले ते मला आजही नीट सांगता येत नाही. मी उठलो आणि त्या म्हाताऱ्याच्या तोंडात मारली. त्याचा पटका खाली पडला.

ठाण्यात एक जुने हवालदार होते. ते आतून आले. काय झाले म्हणून त्यांनी विचारले नाही. त्यांनी खाली वाकून पटका उचलला, झटकला, म्हाताऱ्याच्या हातात दिला. माठातले पाणी आणून दिले आणि वही ओढून म्हणाले, "बाबा, बैलाचा रंग सांगा." म्हातारा पटका बांधत होता. त्याचे हात थरथरत होते. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "साहेब, माझा बैल गेला हो."

दोन मिनिटांपूर्वी मी त्याचे 'लेकरू' होतो. आता 'साहेब' झालो होतो. मला मोठेपणा मिळाला तो असा मिळाला. ते 'साहेब' मी ३५ वर्षांनंतरही विसरलो नाही.

पहाटे चहा पिताना हवालदार मला एवढेच म्हणाले, "पोरा, तुला ज्याला मारायचं होतं तो तुझ्या गावात आहे. या बिचाऱ्याला कशाला मारलंस?" त्यांनी वरिष्ठांकडे माझी तक्रार केली नाही. म्हाताऱ्यानेही केली नाही, त्याला बैल हवा होता. माझ्यावर कोणतीच कारवाई झाली नाही. कदाचित म्हणूनच ती गोष्ट माझ्या मनात संपली नाही. शिक्षा झाली असती तर भोगून मोकळा झालो असतो. आणि आणखी लाजेची गोष्ट सांगतो. त्याचा बैल सापडला की नाही, ते मला आठवत नाही. माझा अपमान माझ्या लक्षात राहिला, त्याचा बैल राहिला नाही. पोक्तपणा नसणे म्हणजे काय, असे मला कोणी विचारले तर मी हेच उत्तर देईन.

म्हाताऱ्याने तो प्रश्न जात काढण्यासाठी विचारला होता की गावाकडची रीत म्हणून सहज विचारला होता, हे मला माहीत नाही. समजा, जात काढण्यासाठीच विचारला असेल. तरीही त्या टेबलाशी मी माझ्या बापाचा मुलगा म्हणून बसलो नव्हतो. राज्याचा शिपाई म्हणून बसलो होतो. माझा जुना राग माझा होता. हात मात्र सरकारचा होता. सरकारच्या हाताने मी माझा राग काढला. आज मला तुम्हाला एवढी एकच गोष्ट सांगायची आहे. राग येईल. तो आपला स्वतःचा आहे हे ओळखा, आणि वर्दीच्या हाताने तो काढू नका.

हा राग आपल्यात येतो कुठून? आपण मुलांना वाढवतो कसे ते पाहा. मुलगा पडला, रडला, की आपण म्हणतो, 'रडतोस काय, मुलगी आहेस का?' भीती वाटली म्हणाला तर हसतो. आई-बाप कारखान्यावर गेले, आठवण आली, तर ते सांगायचे कोणाला? अशा रीतीने मुलाच्या सगळ्या भावनांना आपण कुलूप लावतो आणि एकच दार उघडे ठेवतो, रागाचे. पुढे त्याला दुःख झाले तरी तो रागावतो, भीती वाटली तरी रागावतो, लाज वाटली तरी रागावतो. असा मुलगा १८ वर्षांचा होतो, बारावी पास होतो, धावतो आणि भरती होतो. प्रशिक्षण केंद्रात काही महिने कवायत, कायदा, हत्यारांची माहिती होते. शरीर ताठ होते. मन जिथल्या तिथे राहते. आणि मग एके दिवशी त्याच्या हातात लाठी येते.

काठी आपल्या हातात पूर्वीही होती, हे विसरू नका. गावाच्या वेशीवर रात्रभर जागणारा येसकर आपलाच आजोबा-पणजोबा. हातात घुंगुरकाठी घेऊन तो गाव राखत असे. पण त्या काठीला अधिकार नव्हता. गाव त्याने राखायचे आणि गावात पाऊल मात्र विचारून टाकायचे. पुढे १९२८ साली बाबासाहेबांनी सायमन कमिशनपुढे बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने निवेदन दिले. सैन्यात, आरमारात आणि पोलिसांत आपल्या लोकांना भरतीचा हक्क मिळाला पाहिजे, ही मागणी त्यात होती. म्हणजे तुमच्या अंगावरची वर्दी ही नुसती पगाराची सोय नाही. ती मागून, भांडून मिळविलेली आहे. बिनअधिकाराची काठी जाऊन अधिकाराची लाठी आली. प्रश्न एवढाच की, ज्यांच्यावर पिढ्यान् पिढ्या हात उचलला गेला, त्यांच्या नातवाच्या हातात लाठी आल्यावर तो काय करतो? तो तेच करू लागला तर मग बदलले काय? फक्त हात बदलला.

याची कसोटी लागलेला दुसरा एक प्रसंग माझ्या वाट्याला आला. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला आणि त्यानंतर मराठवाड्यात आपल्या वस्त्यांवर काय गुदरले ते इथल्या ज्येष्ठांनी डोळ्यांनी पाहिले आहे. शेवटी १४ जानेवारी १९९४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ असा नामविस्तार झाला. त्या काळात वातावरण तापलेले होते आणि मी एका चौकात बंदोबस्ताला होतो. डोक्यावर हेल्मेट, एका हातात वेताची ढाल, दुसऱ्या हातात लाठी. समोर विरोधकांचा जमाव. त्यातल्या एका पोराने पुढे येऊन माझ्या छातीवरच्या पट्टीवरचे आडनाव मोठ्याने वाचले. मग त्या आडनावावरून, समाजावरून, बाबासाहेबांवरून जे काही बोलला ते मी या व्यासपीठावरून सांगू शकत नाही. ते पोरगे माझ्यापासून चार हातांवर होते. लाठीच्या टप्प्यात होते.

मला त्या वेळी म्हाताऱ्याचा पटका आठवला. मी खोटे बोलत नाही. संयमाचे मोठे विचार काही मनात आले नाहीत, तो मातीत पडलेला पटकाच दिसला. मी ढाल घट्ट धरली आणि उभा राहिलो. लाठीचा आदेश झाला नाही, म्हणून लाठी उचलली नाही. चार तासांनी जमाव पांगला.

बुद्धाच्या चरित्रातली एक गोष्ट आपण वंदनेनंतरच्या प्रवचनांत ऐकलेली आहे. राजगृहात एक भारद्वाज ब्राह्मण बुद्धांना भरपूर शिव्या देतो. बुद्ध त्याला विचारतात की, तुझ्या घरी पाहुणे आले आणि तू वाढलेले अन्न त्यांनी घेतले नाही, तर ते कोणाचे राहते? तो म्हणतो, माझेच. मग या शिव्यांचेही तसेच, मी त्या घेतल्या नाहीत. लहानपणी मला ही गोष्ट भाबडी वाटे. त्या चौकात कळले की, ती भाबडी नाही. शिवी न घेण्याला फार बळ लागते. १६०० मीटर पळण्याला लागते त्याहून जास्त.

पण हेही सांगतो की, मी काही साधुपुरुष झालो नव्हतो. रात्री घरी आलो आणि ताटावरून उठलो. पत्नीने विचारले. आधी खेकसलो तिच्यावर. मग सगळे सांगितले. सांगता सांगता मला रडू आले. वय २७, दोन लेकरांचा बाप, आणि बायकोसमोर रडलो. त्यानंतर झोप लागली. मित्रांनो, त्या रात्री मी रडलो नसतो तर दुसऱ्या दिवशी कोणाचा तरी पटका पुन्हा पडला असता.

कोणी म्हणेल, म्हणजे अपमान गिळायचा का? बाबासाहेबांनी आपल्याला हेच शिकविले का? नाही. महाडचे उदाहरण घ्या. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी घेतल्यानंतर आपल्या लोकांवर हल्ला झाला. जेवत बसलेल्यांची डोकी फुटली. परिषदेला आलेल्यांत सैन्यातून परतलेले जवान होते. त्यांना लढणे ठाऊक होते आणि ते एका शब्दाची वाट पाहत होते. बाबासाहेबांनी तो शब्द दिला नाही. त्यांनी लोकांना शांत ठेवले. पण ते गप्प बसले का? हल्लेखोरांवर खटले झाले आणि काहींना शिक्षा लागल्या. त्याच वर्षी डिसेंबरात ते पुन्हा महाडला गेले. तळ्याचा दावा दहा वर्षे चालला आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आपल्या बाजूने निकाल लागला. राग त्यांनाही होता, तुमच्या-माझ्यापेक्षा कितीतरी जास्त. त्यांनी तो खर्च केला नाही, कामाला लावला. आपण संयम म्हणतो तो हाच. अन्याय झाला तर लिहा, वरिष्ठांकडे जा, कायद्याने जा. लाचारी पत्करू नका आणि हातही सोडू नका.

आता आडनावाच्या त्या पट्टीविषयी. आपल्या जिल्ह्याला अलीकडे फार वाईट दिवस पाहावे लागले. ९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण होऊन निर्घृण हत्या झाली. सारे राज्य हादरले. जिल्हा जातीजातीत फाटला आणि पोलिसांकडेही लोक जातीच्या नजरेने पाहू लागले. अशा वेळी, २०२५ च्या सुरुवातीला, जिल्हा पोलीस अधीक्षक नवनीत काँवत यांनी बीड पोलिसांना एकमेकांना आडनावाने नव्हे तर पहिल्या नावाने हाक मारण्यास सांगितले. पुढे नावाच्या पट्ट्यांवरूनही आडनाव काढून फक्त पहिले नाव ठेवले. मी तेव्हा नुकताच निवृत्त झालो होतो. बातमी वाचली आणि १९९४ चा तो चौक आठवला. त्या दिवशी माझ्या छातीवर नुसते पहिले नाव असते तर?

पाऊल चांगले आहे, मी त्याचे स्वागत करतो. पण पट्टीवरचे आडनाव खोडले म्हणून मनातले खोडले जात नाही. समोर फिर्यादी आला की 'कुणाचा?' हा प्रश्न आपल्याही मनात उठतो. आपल्या समाजाचा निघाला की आवाज मऊ होतो, दुसरा निघाला की करडा होतो. आपल्या माणसाला दिलेली सवलत हीसुद्धा परिपक्वता नव्हे. ज्याने मला पाण्यापासून दूर ठेवले त्याच्या नातवाची फिर्यादही मी तितक्याच नीट लिहिली पाहिजे. समतेची ही बाजू अवघड आहे, कारण ती आपल्याला द्यावी लागते.

आणि हात सुटला तर काय होते? शेजारच्या परभणीत १० डिसेंबर २०२४ रोजी बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंदला हिंसक वळण लागले, धरपकड झाली. त्यात पकडलेला कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मरण पावला. पोलिसांच्या मारहाणीने तो गेला, असा त्याच्या आईचा आरोप आहे. ही माउली न्यायालयात गेली. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने पोलिसांविरुद्ध गुन्हा नोंदविण्याचा आदेश दिला आणि त्याविरुद्धची राज्य शासनाची याचिका सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. दोष कोणाचा किती, ते न्यायालय ठरवील, मी ठरविणारा कोण? पण मुलांनो, कोठडीत असलेल्या माणसाचा जीव आपल्या हाती असतो. त्याला दार उघडून घरी जाता येत नाही. जो पळू शकत नाही त्याच्यावर हात उगारणे यात कसले शौर्य आले?

सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्यात १८ डिसेंबर १९९६ रोजी अटकेविषयी ११ निर्देश दिले. त्यातला पहिलाच असा की, अटक करणाऱ्या पोलिसाच्या अंगावर नाव व पद स्पष्ट दिसेल अशी पट्टी हवी. अटकेचा पंचनामा करा, नातेवाइकांना कळवा, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी करा, हेही त्यात आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही अटक करणाऱ्याचे नाव स्पष्ट दिसले पाहिजे असे कलम आहे. कायदा आपले नाव छातीवर लावायला का सांगतो? कारण नाव लावलेला माणूस हात उचलण्यापूर्वी विचार करतो.

भगिनी समोर बसल्या आहेत, म्हणून आणखी एक गोष्ट थोडक्यात सांगतो. २६ मार्च १९७२ च्या रात्री, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला झाला. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयात ते सुटले. त्यावर देशभर आवाज उठला आणि १९८३ साली कायदाच बदलावा लागला. मुलगी ठाण्यात आली होती ती घरच्या भांडणाच्या तक्रारीपायी. ठाण्यात येणारी प्रत्येक बाई आधीच भ्यालेली असते. तिचे भय पाहून ज्याला स्वतःचा मोठेपणा वाटतो, तो वर्दी घालण्यास लायक नाही.

मी सगळा दोष तुमच्या कोवळ्या वयावर टाकीत नाही. नोकरीही माणसाला चिडका करते. देशभरातल्या पोलिसांची पाहणी करून २०१९ साली एक अहवाल निघाला. पोलीस दिवसाला सरासरी १४ तास काम करतो आणि निम्म्या पोलिसांना साप्ताहिक सुट्टी मिळत नाही, असे त्यात आढळले. पण यातूनही वाट काढता येते. मुंबईत देवनार ठाण्याच्या रवींद्र पाटील या शिपायाने आठ तासांच्या पाळीची योजना कागदावर मांडून वरिष्ठांपुढे ठेवली आणि मे २०१६ मध्ये त्या वेळचे आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी ती देवनारला सुरू करून पाहिली. पुढे ती इतर ठाण्यांतही नेण्यात आली. एक साधा शिपाई! तो चिडून दारू प्यायला नाही, फिर्यादीवर खेकसला नाही. त्याने आपला त्रास आकड्यांत मांडला. मला ही महाडचीच शिकवण वाटते.

आता चार गोष्टी सांगून संपवितो. मी मोठा होऊन सांगत नाही, चुकलेला माणूस म्हणून सांगतो.

पहिली गोष्ट. ड्यूटीवर जाताना स्वतःला विचारा, आज मी उपाशी आहे का, झोप झाली आहे का, घरी भांडून आलो आहे का? उत्तर 'हो' असेल तर त्या दिवशी दुप्पट जपून बोला. जमले तर सहकाऱ्याला सांगून ठेवा, 'आज माझं डोकं ठिकाणावर नाही, माझ्याकडे लक्ष ठेव.' असे सांगण्यात कमीपणा नाही.

दुसरी गोष्ट. वयाने मोठ्या माणसाला 'तुम्ही' म्हणा. आरोपी असला तरी म्हणा. 'तू' म्हटले की हात अर्धा उचललेला असतो. आणि फिर्यादी आला की आधी पाणी द्या, मग वही उघडा. बैलाचा रंग विचारा. माझ्या हवालदारांनी मला कायद्याचे पुस्तक शिकविले नाही, हे शिकविले.

तिसरी गोष्ट. मनात साठवू नका. बायकोला सांगा, मित्राला सांगा. झोप येत नाही, जीव नकोसा वाटतो, असे झाले तर डॉक्टरकडे जा. अंगात ताप आल्यावर जातो तसेच जा. इथे अंबाजोगाईत स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. शासनाची टेलिमानस ही फोनची सोय आहे, १४४१६ या क्रमांकावर. बाटली हे औषध नव्हे. बाटलीने माझे चांगले चांगले सोबती नेले.

चौथी गोष्ट आई-वडिलांसाठी आहे. पोरगा पोलीस झाला म्हणून भावकीच्या बांधाच्या भांडणात त्याला वर्दीवर बोलावू नका. 'आमचा पोरगा साहेब आहे, बघून घेईल' असे पारावर म्हणू नका. आणि सुट्टीवर आला की, 'किती आणलेस' हे विचारण्याआधी 'कसा आहेस' हे विचारा. तो काही बोलणार नाही. दुसऱ्यांदा विचारा.

ज्यांची निवड या वेळी झाली नाही, अशी मुलेही मागे उभी आहेत. त्यांनाही सांगतो, हे सारे वर्दीवाचूनही लागू आहे. घरात, संसारात, गावात.

मित्रांनो, पुढच्या काही महिन्यांत तुम्ही प्रशिक्षण संपवून कोणत्या तरी ठाण्यात बसाल. एखाद्या रात्री पायांवर धूळ घेऊन एक म्हातारा येईल. तुमच्याकडे पाहून तो कदाचित म्हणेल, 'लेकरा, कुणाचा रं तू?' तेव्हा चिडू नका. बापाचे नाव सांगा, गावाचे नाव सांगा, जे आहे ते ताठ मानेने सांगा. मग त्याला खुर्ची द्या. त्याने जाताना तुम्हाला 'साहेब' म्हटले नाही तरी चालेल, पण 'लेकरा' म्हणून आलेला माणूस 'लेकरा' म्हणूनच परत गेला पाहिजे. मला ते जमले नाही. तुम्हाला जमावे, एवढीच माझी इच्छा आहे.



जयभीम! नमो बुद्धाय!